आधी करडं, मग रंग: चादरीच्या गावात डिजिटल डिझाइन शिकताना

सोलापुरात वाढलेल्या डोळ्याला रंग नवे नसतात. घरात जेकार्डची, म्हणजे विणीतच नक्षी असलेली, चादर असते, बाजारात टॉवेलच्या थप्प्या असतात, चौकाचौकात फ्लेक्स असतात. तरीही संगणकावर किंवा मोबाइलवर चित्र काढायला बसलेल्या बहुतेकांची पहिली तक्रार एकच असते: रंग चांगले घेतले, पण चित्र उठत नाही. याचं कारण सहसा रंगात नसतं. कुठे उजेड, कुठे अंधार, डोळा आधी कुठे जाणार, हे ठरवायच्या आधीच रंग भरायला घेतलेला असतो. म्हणून या लेखात क्रम उलटा आहे. आधी फक्त करड्या रंगात मांडणी, मग रंग, मग अक्षरं आणि शेवटी छपाई.

शिकायला एकच काम हातात धरू: चादर-टॉवेलच्या दुकानाची, जानेवारीत गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या, दिवसांसाठीची जाहिरात. आधी मोबाइलवर फिरणारी पोस्ट, नंतर तिचाच ६×४ फुटी फ्लेक्स. रोज तासभर दिला तर दीड-दोन महिन्यांत हे सगळं नीट जमतं. घाई केली तर आठवड्यात पोस्ट तयार होईल, पण ती का चांगली झाली किंवा का बिघडली हे कळणार नाही.

साहित्य आणि पडदा

महागड्या सामानाची गरज नाही. चित्र काढायला क्रिता आणि अक्षरं-आकारांसाठी इंकस्केप, दोन्ही फुकट आणि कायदेशीर. मोबाइलवर सुरुवात करणाऱ्यांना इबिस पेंट पुरतं. फ्लेक्सच्या दुकानांत कोरलड्रॉ चालतं, ते तिथे गेल्यावर शिकता येतं. त्यासाठी चोरीची प्रत घेऊन व्हायरस घरी आणू नका. पेन टॅबलेट घ्यायचा असेल तर पडदा नसलेला, साधारण ६×४ इंच काम करण्याची जागा असलेला भरपूर झाला. खोक्यावर दाबाच्या पातळ्यांचे मोठमोठे आकडे छापलेले असतात, त्यांना भुलून जास्त पैसे मोजू नका. हात बसायला दोन आठवडे लागतात. तोवर रोज दहा मिनिटं नुसत्या सरळ रेघा, वर्तुळं आणि हलक्यापासून जाड होत जाणारे फटकारे मारा.

पडद्याकडे मात्र नीट लक्ष द्या. मोबाइलमधला डोळ्यांना आराम देणारा पिवळसर मोड बंद करा, संगणकावरचा नाइट लाइट बंद करा. बऱ्याच फोनांत रंग भडक दाखवणारा ‘विविड’ मोड आधीपासून चालू असतो. तो ‘नॅचरल’ करा. नाहीतर तुम्ही मऊ केशरी म्हणून निवडलेला रंग दुसऱ्याच्या फोनवर मेलेला दिसेल. खिडकीतून ऊन थेट पडद्यावर येत असेल तर रंगांचा निर्णय त्या वेळी घेऊ नका. सोलापूरच्या दुपारी उघड्या खिडकीजवळ बसून निवडलेले गडद रंग रात्री हमखास उजळ वाटतात, कारण उन्हात ते दिसावेत म्हणून तुम्ही त्यांना नकळत वर ढकललेलं असतं.

आणि वीज कधी जाईल सांगता येत नाही. क्रितामध्ये कंट्रोल, अल्ट आणि एस एकत्र दाबलं की फाइलची नवी क्रमांकित प्रत तयार होते. प्रत्येक मोठ्या बदलाआधी ते दाबायची सवय लावा. जुन्या प्रती नंतर शेजारी ठेवून बघता येतात, हा त्याचा खरा फायदा.

पहिले दोन आठवडे: फक्त करडं

एक पट्टी करा. नऊ चौकोन, डावीकडे काळा, उजवीकडे पांढरा, मधले सात करडे, आणि प्रत्येक पायरी डोळ्याला सारख्या अंतराची वाटली पाहिजे. आकडे सारख्या अंतराने टाकून मोकळं होऊ नका, आधी डोळ्याने जुळवा आणि मग आकडे तपासा. बहुतेकांच्या पट्टीत मधले तीन चौकोन जवळजवळ सारखेच निघतात. तिथेच चित्रं चिखल होतात.

आता तीन करड्यांचे डाग. नमुन्यासाठी भुईकोट किल्ल्याची तटबंदी, शेजारचा तलाव आणि वरचं आकाश असा एखादा फोटो घ्या. सकाळी नऊच्या आतला असेल तर उत्तम, कारण दुपारच्या उन्हात मधले टोन उरतच नाहीत. त्या फोटोतलं सगळं फक्त तीन करड्यांत बसवा (० म्हणजे काळा, २५५ म्हणजे पांढरा): गडद साधारण ४०, मधला १३०, उजळ २२५. ब्रश मोठा ठेवा, रेघ काढू नका, बुरुजाचे दगड मोजू नका. पाण्यातलं आकाशाचं प्रतिबिंब आकाशाच्या गटात टाकायचं की मधल्या करड्यात, असा प्रश्न पडेल. दोन्ही करून पाहा. पहिल्यात आकाश आणि पाणी एक होऊन तट एकटा उठून दिसतो. दुसऱ्यात तीन आडवे पट्टे होतात आणि चित्र शांत, पण थोडं सपाट होतं. मांडणी म्हणतात ती हीच निवड.

रंगीत चित्र करड्यात तपासायची पद्धतही याच टप्प्यावर शिकून घ्या. सर्वांत वर एक लेयर, म्हणजे वेगळा थर, घ्या, तो काळ्याने भरा आणि त्याचा ब्लेंडिंग मोड (खालच्या थरांत मिसळण्याची पद्धत) ‘कलर’ करा. खालचं चित्र करड्यात दिसेल. लेयरचा डोळा बंद केला की पुन्हा रंगीत. फोटोशॉपमधला ‘डीसॅच्युरेट’ हा सोपा वाटणारा पर्याय इथे वापरू नका: तो शुद्ध लाल, शुद्ध हिरवा आणि शुद्ध निळा, तिघांनाही एकच करडा देतो. आपल्या डोळ्याला हिरवा कितीतरी उजळ आणि निळा कितीतरी गडद दिसतो, म्हणजे ती तपासणी चक्क खोटी ठरते.

मांडणी: छोट्या चौकटी

एलिमेंटरी-इंटरमिजिएटची परीक्षा दिलेल्यांना संकल्पचित्र आठवत असेल. तिथे चौकट भरायची असते. जाहिरातीत चौकटीचा बराचसा भाग मोकळा राखायचा असतो, आणि हेच सर्वांत जड जातं. दुकानदार विचारतोच, “एवढी जागा रिकामी का सोडली?” त्या मोकळ्या जागेमुळेच नाव दिसतं, हे त्याला तोंडाने सांगून पटत नाही. भरलेली आणि मोकळी अशा दोन प्रती शेजारी ठेवून, फोन हातभर लांब धरून दाखवा.

कॅनव्हास १०८०×१३५० पिक्सेल घ्या. पण काम तिथे सुरू करू नका. आधी ४००×५०० पिक्सेलच्या दहा चौकटी करा आणि प्रत्येकीला तीन मिनिटं द्या. तेच तीन करडे, तोच मोठा ब्रश. अक्षरांच्या जागी नुसते पट्टे. पहिल्या तीन-चार चौकटी सगळ्यांच्या सारख्याच येतात: मध्यभागी वस्तू, वर नाव, खाली पत्ता. त्या येऊन जाऊ द्या. खरी निवड पाचवीपासून सुरू होते.

आपल्या जाहिरातीसाठी तीन वेगळ्या दिशा अशा निघतील. एक, घड्या घातलेल्या चादरींची थप्पी खालच्या दोन पंचमांशात, गडद. वरचा सगळा भाग उजळ आणि त्यात फक्त नाव. दोन, एकच चादर वरच्या डाव्या कोपऱ्यातून तिरकी सुटलेली, उजवा खालचा कोपरा मोकळा. तीन, चादरीवरचं एकच मोठं फूल जवळून, चौकट फोडून बाहेर गेलेलं, आणि तळाला पाव उंचीची साधी पट्टी. मोबाइलच्या पोस्टला तिसरी दिशा बसते, कारण पडदा तळहाताएवढा असतो आणि थप्पीतली नक्षी त्यात दिसतच नाही. आडव्या फ्लेक्सला पहिली बरी. एकच मांडणी ओढूनताणून दोन्हीकडे बसवणं ही नेहमीची चूक. उभ्या पोस्टची आडवी प्रत करताना लोक दोन्ही बाजूंना फुलांच्या कोपऱ्यांची भर घालतात आणि डोळा तिकडेच पळतो.

चौकटी निवडताना तीन गोष्टी तपासा. तिन्ही करड्यांपैकी एकाने अर्ध्याहून जास्त जागा घेतली आहे का? तिघांनी सारखी वाटून घेतली असेल तर चित्र डगमगतं. सर्वांत उजळ आणि सर्वांत गडद एकमेकांना भिडतात ती जागा एकच आहे का? ती जागा म्हणजे डोळ्याचा पहिला मुक्काम. दोन-तीन असल्या तर एकही लागू पडत नाही. आणि कडा कुठे नुसत्या टेकताहेत का? फुलाच्या पाकळीचं टोक पट्टीच्या रेघेला जेमतेम शिवत असेल तर तिथे विनाकारण ताण दिसतो. एकतर स्पष्ट आत घुसवा, नाहीतर स्पष्ट अंतर ठेवा.

तृतीयांशाचा नियम, म्हणजे चौकट उभी-आडवी तीन भागांत कापून महत्त्वाची गोष्ट छेदनबिंदूवर ठेवणं, सुरुवातीला उपयोगी आहे, पण त्याला चिकटून बसू नका. देवळाचं शिखर किंवा यात्रेतल्या नंदीध्वजाची काठी असलेलं चित्र मधोमधच भारदस्त दिसतं. माणसाचा चेहरा असेल तर त्याची नजर चौकटीच्या आत वळलेली ठेवा. क्रितामध्ये एम ही कळ दाबली की चित्र आरशासारखं उलटं दिसतं. एका बाजूला कललेली मांडणी तेव्हा लगेच उघडी पडते.

कडेची मोकळी पट्टी १०८० रुंदीला ७० पिक्सेल ठेवा. स्टेटससाठी १०८०×१९२० ची प्रत करत असाल तर वरचे आणि खालचे २५० पिक्सेल अक्षरांविना सोडा, तिथे अ‍ॅपची बटणं येतात.

रंग: कुणाशेजारी कोण

फ्रान्समध्ये गोबलँ इथे गालिचे-पडदे विणण्याचा कारखाना होता. मिशेल शव्हरल हे रसायनशास्त्रज्ञ १८२४ साली तिथल्या रंगशाळेचे प्रमुख झाले. काळ्या धाग्याचा रंग फिका पडतो, त्यात दम नाही, अशी विणकरांची तक्रार होती. तपासणीत रंग पक्का निघाला. निळ्या-जांभळ्या धाग्यांच्या शेजारी विणल्यामुळे तो काळा डोळ्याला कमजोर भासत होता. १८३९ मध्ये शव्हरल यांनी हा अभ्यास सविस्तर प्रसिद्ध केला आणि पुढे चित्रकारांनी तो मनापासून वापरला. मागावर सुटलेला हा प्रश्न आजही पडद्यावर रोज समोर येतो, आणि सोलापुरात तो प्रत्यक्ष कापडावर पाहता येतो.

करून पाहा. दोन मोठे चौकोन घ्या, एक केशरी, एक निळा. दोन्हींच्या मध्यभागी अगदी एकच करडा ठेवा: १५०, १५०, १५० (लाल, हिरवा, निळा या क्रमाने, पुढेही तसंच). केशरीतला करडा निळसर भासेल, निळ्यातला किंचित तांबूस. म्हणून रंग पॅलेटमध्ये सुटा पाहून कधीच पसंत करू नका, त्याच्या होणाऱ्या शेजाऱ्याच्या मांडीवर ठेवून पाहा.

पुढचा सराव रंग ओळखण्याचा. चादरीचा फोटो सावलीत, दिवसाच्या उजेडात काढा. खोलीत एलईडी आणि खिडकी असा दोन्हींचा मिश्र उजेड नको, एकाच चादरीचे दोन रंग दिसतात. फोटोतला एक भाग निवडा आणि एचएसबीच्या तीन पट्ट्या सरकवून तो रंग डोळ्याने जुळवा: पहिली पट्टी रंगाची जात, दुसरी त्याची तीव्रता, तिसरी उजळपणा. जुळवल्यावरच ड्रॉपरने, म्हणजे चित्रातला रंग उचलणाऱ्या हत्याराने, तपासा. ड्रॉपर एका पिक्सेलचा नको. ५×५ पिक्सेलची सरासरी घेणारी सेटिंग निवडा, नाहीतर दोन धाग्यांमधली सावली उचलली जाईल. रोज दहा रंग. जवळपास सगळ्यांची चूक एकाच बाजूला होते: तीव्रता जास्त घेतली जाते. लाल चादर म्हणजे लालभडक असं डोकं सांगतं, प्रत्यक्षात सावलीतला तो लाल निम्म्या तीव्रतेचा असतो.

सावली करायला काळा मिसळणं ही दुसरी सवय मोडा. हळदीचा रंग साधारण जात ४५, तीव्रता ८५, उजळपणा ९० असेल तर त्याची सावली जात ३२, तीव्रता ९०, उजळपणा ६० अशी घ्या. जात पिवळ्याकडून नारिंगीकडे सरकली की सावलीतही ऊब राहते. त्याच जातीत फक्त उजळपणा उतरवला तर पिवळा शेवाळी होतो आणि हळद शिळी दिसते.

एचएसबीचा एक सापळा ध्यानात ठेवा. त्यात शुद्ध पिवळा आणि शुद्ध निळा दोघांचाही उजळपणा १०० असतो, पण डोळ्याला पिवळा जवळपास पांढऱ्याएवढा आणि निळा जवळपास काळ्याएवढा दिसतो. म्हणून अक्षरं आणि पार्श्वभूमी यांची जोडी ठरवताना कॉन्ट्रास्टचं गुणोत्तर, म्हणजे दोघांच्या उजळपणातल्या फरकाचा आकडा, मोजा. इंटरनेटवर फुकट कॅल्क्युलेटर आहेत. वेबसाइटसाठी मान्य असलेला निकष साध्या मजकुराला किमान ४.५ आणि मोठ्या अक्षरांना ३ असा आहे.

आपल्याकडच्या फलकांवरची सर्वांत लाडकी जोडी घ्या: लालवर पिवळी अक्षरं. शुद्ध लाल म्हणजे २५५, ०, ० आणि शुद्ध पिवळा २५५, २५५, ० असेल तर गुणोत्तर भरतं ३.७ च्या आसपास. मोठं नाव वाचता येतं, पण खालचा पत्ता डोळ्यांत टोचतो. पिवळ्याला हात न लावता लाल फक्त १२८, ०, ० वर उतरवा, म्हणजे मरून करा. गुणोत्तर १० च्या वर जातं. जोडी तीच, तोच सणाचा भाव, आणि वाचन तिप्पट सोपं. लालवर निळी अक्षरं हा मात्र नाद सोडाच. शुद्ध लाल-निळ्याचं गुणोत्तर २.१ आहे आणि कडा थरथरल्यासारख्या दिसतात. काळी किंवा पांढरी किनार लावून ती जोडी वाचवायचा प्रयत्न सर्रास दिसतो. त्यापेक्षा एक रंग बदलणं सोपं.

आता आपल्या जाहिरातीचे पाच रंग:

मरून: ११०, २०, ३०
हळदी: २४०, १८०, ४०
मलई: २५०, २४०, २२०
गडद मोरपंखी: १०, ७५, ८५
मातकट तपकिरी: १५०, १२०, ९५

मरूनवर मलई साडेदहाच्या जवळ, मरूनवर हळदी सव्वासहा. दोन्ही बिनधास्त वापरा. हळदीवर मलई फक्त १.६, तिथे अक्षर ठेवूच नका. आणि मरूनवर मोरपंखी जेमतेम १.२. रंगचक्रात हे दोघे समोरासमोर बसतात म्हणून जोडी छान वाटते, पण करड्यात दोघे एकच होतात. त्यामुळे मरून जमिनीवर मोरपंखी फूल काढलं तर रात्रभर मेहनत करूनही ते उठणार नाही. फुलाभोवती मलईची बारीक रेघ द्या, किंवा मोरपंखीच्या पाकळ्यांची टोकं उजळ करा. चादरी पाहा, विणकरांनी हे कधीच ओळखलेलं आहे: गडद जमीन, गडद फूल असेल तिथे मधे फिक्या धाग्याची कड असते.

६०-३०-१० या वाटणीबद्दल खूप बोललं जातं. सुरुवातीला वापरा: मरून ६०, मलई ३०, हळदी १०, बाकी दोन रंग फुलात किरकोळ. पण त्या आकड्यांमागचा खरा मुद्दा एवढाच की मोठ्याने बोलणारा रंग एक असावा. हळदी त्याच्या कमी जागेमुळेच चमकतो. त्याला तीस टक्के दिले की तो जमीन होतो आणि नाव पुन्हा हरवतं.

चादरीचा ग्राफ: सर्वांत जास्त शिकवणारा सराव

याला एक पूर्ण आठवडा द्या. पारंपरिक पद्धतीत जेकार्डची नक्षी मागावर चढण्याआधी ग्राफच्या कागदावर रंगवली जाते: एक चौकोन म्हणजे ताण्याचा (उभ्या धाग्याचा) आणि बाण्याचा (आडव्या धाग्याचा) एक छेद, धागा वर की खाली. म्हणजेच पिक्सेल.

क्रितामध्ये ६४×६४ पिक्सेलचा कॅनव्हास घ्या. ब्रश एक पिक्सेलचा, कडा मऊ करणारी सेटिंग बंद. रंग चारच. डब्ल्यू कळ दाबून सभोवार गुंडाळणारा मोड चालू करा: उजवीकडून बाहेर गेलेली रेघ डावीकडून आत येते आणि नक्षी चारही दिशांना जोडलेली दिसते. आता घरातल्या चादरीवरचं एक फूल, मोर किंवा पानांची वेल समोर ठेवून काढा. फोटोवर गिरवू नका.

सुरुवातीला गोलाई पायऱ्यापायऱ्यांची, दातेरी येईल. पायऱ्यांच्या लांबीला लय द्या: चार, तीन, दोन, एक, एक, दोन, तीन, चार असे चौकोन घेतले की वक्र गुळगुळीत वाटतो. चार, एक, तीन, एक असं गेलं की दात दिसतात. मग नक्षी दूरवरून, म्हणजे झूम कमी करून पाहा. सर्वत्र सारखी दाट असेल तर ती कापडासारखी दिसेल, पण डोळा कुठेच थांबणार नाही. फुलांच्या मधल्या मोकळ्या जमिनीचा आकारसुद्धा देखणा असला पाहिजे. तो आकार वेगळ्या रंगाने भरून एकदा तपासा. जेकार्डची चादर उलटून पाहिली की जमीन आणि फूल यांच्या रंगांची अदलाबदल झालेली दिसते. तीच चाचणी इथे करा: दोन मुख्य रंग एकमेकांच्या जागी टाका. उलटी नक्षीही बघवत असेल तर तुमची मोकळी जागा पक्की बसली आहे.

लाल आणि पिवळे चौकोन बुद्धिबळाच्या पटासारखे आलटून पालटून भरा आणि दूरून बघा. नारिंगी दिसेल. चार धाग्यांत पाचवा, सहावा रंग असाच मिळतो.

मोठं करताना ‘निअरेस्ट नेबर’ हा पर्याय निवडा आणि पटीतच वाढवा: ६४ चं ६४० किंवा १२८०. दुसरा कुठलाही पर्याय घेतला तर चौकोनांच्या कडा धुरकट होतात. आणि नक्षी कधी खरोखर विणायला देणार असाल तर ताणा-बाण्याची घनता आधी विचारून घ्या. दोन्हींत फरक असेल तर ग्राफचा चौकोन चौरस धरून चालत नाही. पडद्यावरचं गोल फूल कापडावर चपटं उतरतं.

हे फूल मोठं करून आपल्या जाहिरातीच्या तिसऱ्या मांडणीत बसवा. विकत घेतलेल्या चकचकीत चित्रापेक्षा ते दुकानाचं वाटतं, आणि हक्काचा प्रश्नही उरत नाही.

अक्षरं

अक्षरं इंकस्केपमध्ये करा, तिथे युनिकोड देवनागरीची जोडाक्षरं नीट येतात. फोटोशॉपमध्ये ‘क्ष’ फुटत असेल किंवा वेलांटी चुकीच्या बाजूला जात असेल तर फॉन्ट बदलत बसू नका. टाइपच्या सेटिंगमध्ये दक्षिण आशियाई लिप्यांना चालणारं इंजिन निवडायचं राहिलेलं असतं.

फॉन्ट दोनच घ्या. मुक्त परवान्याचे चांगले फॉन्ट भरपूर आहेत: मजकुराला मुक्ता, ठसठशीत नावाला बालू २, पारंपरिक वळण हवं तर टिरो देवनागरी मराठी. शेवटच्यात ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे येतात. कित्येक फॉन्टांत ते हिंदी वळणाचे असतात आणि मराठी पाटीवर परके दिसतात. आकारांत ठळक फरक ठेवा. १०८० रुंदीच्या पोस्टवर नाव १४० पिक्सेल, मधली ओळ ५६, पत्ता ३६. नाव १४० आणि मधली ओळ १२० अशी भांडणं लावू नका.

देवनागरीत ओळींमधलं अंतर फॉन्टच्या आकाराच्या दीडपट ठेवा, नाहीतर खालच्या ओळीची वेलांटी वरच्या ओळीच्या उकाराला भिडते. अक्षरांमधलं अंतर वाढवू नका, शिरोरेषा तुटते. बाहेरची किनार द्यायची असेल तर ती अक्षराच्या मागच्या लेयरवर द्या. वरून दिली की ‘क’, ‘थ’, ‘ष’ यांची पोटं बुजतात.

फ्लेक्स: फुटांतला हिशेब

पंढरपुरात जन्मलेले एम. एफ. हुसेन उमेदीच्या काळात मुंबईत सिनेमाची होर्डिंगं रंगवत. त्या कामात नाकासमोरच्या फटकाऱ्याचा हिशेब रस्त्यापलीकडून करावा लागतो. फ्लेक्सलाही तेच लागू आहे, फक्त मागे सरकण्याऐवजी झूम कमी करायचा. पडद्यावर चित्र पोस्टाच्या तिकिटाएवढं करा. नाव वाचता आलं पाहिजे.

ढोबळ नियम असा: दर १० फूट अंतराला अक्षराची उंची १ इंच. रस्त्यापलीकडे ५० फुटांवरून वाचायचं तर नाव ५ इंच हवं, शिरोरेषेपासून अक्षराच्या पायापर्यंत, मात्रा-उकार सोडून. ६×४ फूट म्हणजे ७२×४८ इंच. ७२ डीपीआयला, म्हणजे इंचाला ७२ ठिपके धरून, ही फाइल ५१८४×३४५६ पिक्सेलची होते आणि ५ इंचाचं अक्षर ३६० पिक्सेलचं. एवढ्या अंतरावरून पाहायच्या फ्लेक्सला हे रिझोल्यूशन पुरतं. ३०० डीपीआय मागणं म्हणजे संगणक गुदमरवणं. कोरलड्रॉत दशांश मापात, ७.२×४.८ इंचांवर काम करणार असाल तर आत घेतलेला फोटो ७२० डीपीआयचा हवा, हे विसरलं की छपाईत चौकोन दिसतात. चारही कडांना ३ इंच काही महत्त्वाचं ठेवू नका, तिथे आयलेट, म्हणजे दोरी ओवायच्या कड्या, पडतात किंवा कापड फ्रेमवर दुमडतं.

पडद्याचे रंग आरजीबी, म्हणजे लाल-हिरवा-निळा, असतात, छपाई सीएमवायके, म्हणजे निळसर-गुलाबी-पिवळी-काळी, शाईंनी होते. रूपांतर मशीनवर सोडू नका, स्वतः करून पाहा. क्रितामध्ये कंट्रोल-वाय दाबलं की छापील रंगांचा अंदाज दिसतो. पोपटी आणि चमकदार निळे मरतात, त्यांना इलाज नाही, दुसरे निवडा. सुरुवातीचे आकडे निळसर, गुलाबी, पिवळी, काळी या क्रमाने: मरून २५, १००, १००, २५, हळदी ०, २०, १००, ०, केशरी ०, ६०, १००, ०. गडद निळा हवा असेल तर गुलाबी शाई निळसर शाईपेक्षा किमान ३० ने कमी ठेवा. दोन्ही १०० केल्या की निळा जांभळा छापून येतो, आणि छापखान्यात भांडणं होतात ती बहुतेक याच रंगावरून. व्हिजिटिंग कार्डासारख्या ऑफसेट कामात बारीक काळी अक्षरं फक्त काळ्या शाईची, १०० टक्के. चारही शायांचा काळा दिला तर अक्षरांभोवती रंगीत सावली येते. तिथे डीपीआय ३०० आणि कापायला बाहेर ३ मिमी जादा जागा हवी.

फाइल देण्याआधी अक्षरांचं आकारांत रूपांतर करा: कोरलड्रॉत कंट्रोल-क्यू, इंकस्केपमध्ये शिफ्ट-कंट्रोल-सी. दुकानात तुमचा फॉन्ट नसेल तरी अक्षर बदलणार नाही. बदलता येणारी मूळ प्रत मात्र वेगळी जपा, कारण फोन नंबर ऐनवेळी बदलतोच. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायची तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फोटो म्हणून पाठवली की ती दाबली जाते आणि पिक्सेल उडतात.

पूर्ण फ्लेक्स काढण्याआधी एक फुटाची पट्टी छापून घ्या: पाचही रंगांचे चौकोन, मरूनवर मलई आणि मरूनवर हळदी अशी दोन ओळींची अक्षरं. दुसऱ्या कुणाच्या फ्लेक्सशेजारी उरलेल्या जागेत ती निघते, खर्च किरकोळ येतो. ती पट्टी जिथे फलक लागणार तिथेच, दुपारी उन्हात आणि रात्री दिव्याखाली, ठरलेल्या अंतरावरून पाहा. मरून काळपट आला असेल तर काळी शाई २५ वरून १५ करा. हळदी लिंबासारखा आला असेल तर गुलाबी शाई २० वरून २८ करा. मलई पांढरी दिसत असेल तर तिला हात लावू नका. फ्लेक्सचं कापडच चमकतं, आणि मरूनवर ती तशीच जास्त चांगली वाचता येते.